एकरभर अंजनावर चार गायी जगत नाहीत

परवा रात्री काकांचा फोन. माण तालुक्यातलं आमचं गाव, पाऊस ५०० मिलिमीटरच्या आतबाहेर. म्हणाले, "ज्वारीचं दोन एकर मोडतो, अंजन गवत करतो." कारण विचारलं तर व्हॉट्सॲपवर फिरणारा तोच मेसेज मला पाठवला: 'विदेशी अंजन गवत. एकदा पेरा, २५ वर्षं कापा. पाणी नको. पाभरीने पेरा. एकरी चार गायी. पेंड कायमची बंद.'

विदेशी वगैरे काही नाही. अंजन आपल्याकडच्या कोरड्या माळांवरचंच आहे. झाशीच्या चारा संशोधन संस्थेने त्यातूनच बुंदेल अंजन-१, बुंदेल अंजन-३ असे वाण दिले.

आता चार गायी. कोरडवाहू अंजन हेक्टरी वाळलेला चारा तीन-चार टन देतं. म्हणजे एकरी सव्वा ते दीड टन, तोही पाऊस बरा झाला तर. चारशे किलोची गाय दिवसाला दहा-बारा किलो कोरडा चारा खाते, वर्षाला चार टन. एका गायीला एकर जेमतेम चार महिने पुरेल. चार गायी तो महिन्याभरात फस्त करतील, मग अकरा महिने दावणीला काय टाकायचं? कडबा तर काका मोडायला निघालेत.

सगळ्यात घातक ते 'पेंड बंद'. कोवळ्या अंजनात प्रथिनं आठ-दहा टक्के असतात, पण निसवून वाळलं की तीन-चारवर येतात. चाऱ्यात सातच्या खाली प्रथिनं गेली की पोटातल्या जिवाणूंचीच उपासमार होते, चारा पचत नाही, गाय खाणं कमी करते. समोर गवत पडलेलं आणि गाय मात्र खंगत चाललेली! दुभत्या जनावराचा खुराक असा मेसेज वाचून तोडायचा? प्रथिनांसाठी सोबत स्टायलोसारखं शेंगवर्गीय चारापीक लावा, अंजन फुलोऱ्याला आलं की कापा, आणि पेंड चालू ठेवा.

दुष्काळात टिकतं, हे मात्र खरं. ते मान्य करावंच लागेल. मुळं खोल जातात, वाळून गेलेलं ठोंब पहिल्या पावसाला पुन्हा फुटतं. पण पाणी साचलं तर जातं, आणि २५ वर्षं ते काय फुकट टिकतं? पहिल्या वर्षी जनावर घातलं तर कोवळी रोपं मुळासकट उपटून येतात.

आणि पाभर! ते बी मी हातात घेऊन पाहिलंय. केसाळ, कापसासारखं हलकं, बोटांना चिकटतं. चाड्यात टाकलं तर नळ्यातच अडकून बसतं, आणि खाली गेलंच तर इतकं खोल पडतं की उगवत नाही. ओल्या मातीत कालवून वरवर टाकायचं, एक-दोन सेंटिमीटर मातीआड. ताजं बी तर घेऊच नका, नीट उगवायला ते काही महिने ठेवलेलं लागतं.

काकांना सांगितलंय, ज्वारी ठेवा. ओढ्याकडचा मुरमाड पट्टा आणि बांध पडूनच आहेत, अंजन तिथं करू. जूनमध्ये मी येतोय.