बकऱ्याची कुंडली

तबल्याची पुडी, म्हणजे तोंडावर मढवलेलं कातडं, फाटायला गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षेसारखा मुहूर्त नाही. त्यातून ती उन्हाळी परीक्षा असली तर बोलायलाच नको. वैशाखात कातडं आपलं आपणच ताणून सुरात चढतं. त्यात आमच्या लेकीने हातोडी घेऊन ते आणखी चढवायला घेतलं आणि चाटेपाशी, म्हणजे कडेच्या पट्टीपाशी, फट्‌ असा आवाज झाला. तो आवाज अभ्यासक्रमात नव्हता.

सरांना फोन केला. सर शांतपणे म्हणाले, "पुडी नवी टाकून घ्या. पण तयार उचलू नका हं, कातडं बघून घ्या." कातड्यात नेमकं काय बघायचं, हे त्यांनी सांगितलं नाही. तबला शिकणाऱ्या मुलीच्या बापाचं अधिकृत पद हमालाचं असतं. एका हातात शिसवी खोड, दुसऱ्या हातात तांब्याचा डग्गा, आणि क्लासच्या जिन्यात "बाबा, सावकाश, गट्टे सुटतील" हे ऐकत वर चढायचं. त्या पदावरून मला एकदम कातडे-परीक्षकपदी बढती मिळाली.

अशा वेळी सल्लागार मंडळ नेमावं लागत नाही, ते जमतं. भजनी मंडळात पखवाज वाजवणारे अण्णा जिन्यातच म्हणाले, "बोकडाचं घ्या. त्याला दम असतो. शेळी एकदा व्याली की कातडं सैल पडतं." तळमजल्यावरच्या काकांचं मत अगदी उलट. बोकडाचं कातडं कानाला टोचतं, शेळीचं कसं मऊ, गोड बोलतं! यावर दोघांची पाऊण तास जुंपली. दोघांनीही आयुष्यात कातडं विकत घेतलेलं नव्हतं. अण्णांचा पखवाज मंडळाचा आहे आणि काका पेटी वाजवतात. (पखवाजाच्या डाव्या अंगाला दरवेळी ओली कणीक लावावी लागते. एकादशीच्या सुमारास अण्णांच्या घरात पोळ्या कमी पडल्या की त्यांच्या सौभाग्यवती त्याचा हिशेब थेट मंडळाकडे मागतात.)

गोव्याच्या मावसभावाने फोनवर तिसरंच जनावर काढलं. "तुम्ही बकऱ्यातच अडकलात. आमच्या त्या मातीच्या घुमट वाद्यावर घोरपडीचं असायचं. त्याची सर कशाला नाही!" घोरपड 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तिला हात लावला तर चतुर्थीच्या आरत्या कोठडीत म्हणाव्या लागतील. गोवा सरकारने 2019 मध्ये घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला, तो बकऱ्याचं कातडं चढलेल्या घुमटालाच. मी विचारलं, "तू कुठलं लावतोस?" म्हणाला, "बकऱ्याचंच. पण मजा नाही." तबल्याला घोरपडीचा काही संबंध नाही, हे त्याला सांगायचं राहून गेलं. सांगितलं असतं तरी त्याने ऐकलं नसतं.

फिजिक्स शिकवणाऱ्या मित्राने सगळी चर्चाच अशास्त्रीय ठरवली. नुसतं गोल ताणलेलं कातडं कितीही कुलीन बकऱ्याचं असो, त्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या पटीत येत नाहीत; म्हणून तो नुसता धबधबाट होतो. मधोमध शाईचं, म्हणजे त्या काळ्या गोलाचं, वजन बसलं की पहिले काही स्वर पटीत येतात आणि तबला सुरात बोलायला लागतो. हे सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्ये 'नेचर'मध्ये लिहिलं, 1934 मध्ये पुन्हा सविस्तर मांडलं. "तेव्हा बकरा सोड, शाई बघ," असा निष्कर्ष काढून मित्राने फोन ठेवला. रामन यांच्याबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण त्यांना पुढच्या आठवड्यात मुलीला परीक्षेला बसवायचं नव्हतं.

आईने बकरा हा शब्दच सभेतून काढून टाकला. आमच्या घरात चामड्याची चप्पल उंबऱ्याच्या आत येत नाही, पाकीट देव्हाऱ्याजवळ ठेवलेलं चालत नाही. तबला मात्र देव्हाऱ्याच्या शेजारी, मखमली गवसणीत बसतो. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू, फूल, वर साखरेचा नैवेद्य. बाहेर ताटकळणाऱ्या चपलेचं आणि आत नैवेद्य घेणाऱ्या तबल्याचं कूळ एकच, असं मी एकदा म्हणून पाहिलं. "ते वाद्य आहे," आई म्हणाली. विषय संपला.

तर दुकान. जुन्या पेठेत, गल्लीच्या आत गल्ली. आत चाचा मांडी घालून बसलेले, पायाच्या अंगठ्यात वादी अडकवलेली, भोवती उघडीबोडकी खोडं. भिंतीशी वाळलेल्या कातड्यांची चवड. मी सरांचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं, "कातडं बघून घ्यायचंय." चाचांनी मान वर केली. त्यांच्या नजरेत जे आलं त्याला करुणा म्हणतात.

"बघा की," म्हणाले.

मग एकेक कातडं उजेडासमोर धरून दाखवायला लागले आणि माझ्या लक्षात आलं की ही तर कुंडली मांडणं चाललंय. मधोमध दाट रेघ दिसते ना, ती पाठीच्या कण्याची. तिथे जाडी बदलते, मैदानात, म्हणजे चाट आणि शाई यांच्यामधल्या मोकळ्या भागात, ती आली की एका बाजूला सूर चढा, दुसऱ्या बाजूला उतरा. हे बारीक ओरखडे म्हणजे जनावर काट्याकुट्यांत चरलेलं. ही भोकं गोचिडांची. हे कातडं पिवळट, तेलकट. "खाऊनपिऊन सुखी होता. चरबी फार." तेवढ्यात सुखी जीवांची पंचाईत माझ्या ध्यानात आली आणि मी पोट आत घेतलं.

शिवाय हे सगळं कच्चं कातडं. चपलेचं कमावतात, वाद्याचं नाही. केस काढून, खरवडून, ताणून वाळवतात, एवढंच. कमावलं की त्याचं वाजणं बंद. (नोकरी लागल्यावर माझाही रियाज सुटला होता, त्याचं कारण इतक्या वर्षांनी कळलं.)

चाचांनी दोन कातड्यांवर टिचकी मारली. "ऐका." टक. "आता हे." टक. "फरक?" मैफलीत समेच्या आधीच मान हलवायची मला चांगली सवय आहे, ती इथे उपयोगी पडली. मग अण्णा-काकांच्या वतीने विचारून टाकलं, "यातलं शेळीचं कुठलं, बोकडाचं कुठलं?"

"साहेब, माल येतो तेव्हा जन्मदाखला नसतो बरोबर. खाटकाला विचारा."

त्यातून समजलं ते आणखी भलतंच. पुडी म्हणजे एक कातडं नव्हेच. मैदानाचं एक, वर चाटेची कड वेगळी, खाली कडेने अस्तर वेगळं. म्हणजे ज्या पुडीसाठी आमच्या जिन्यात शेळी-बोकडाचा वाद पेटला, तीत दोघंही सुखाने नांदत असण्याची शक्यता होती. वर कडेभोवती विणलेला सोळा घरांचा गजरा आणि ताणायला म्हशीच्या कातड्याची वादी. एवढा गोठा एका पाच-साडेपाच इंचांच्या तोंडावर बसवायचा, आणि तोही काळी एकच्या पट्टीत बोलला पाहिजे.

चाचांचा पोरगा मोबाइलमधून डोकं काढून म्हणाला, "अंकल, प्लॅस्टिकचं पान टाका ना. पावसात उतरत नाही, फाटत नाही."

"वाजत पण नाही," चाचा म्हणाले.

शेवटी धीर करून मी एक कातडं निवडलं. पांढरंशुभ्र, एकही ओरखडा नाही. मुलीचं लग्न ठरवल्याच्या समाधानाने ते पुढे केलं. चाचांनी ते दोन बोटांत चोळून पाहिलं, म्हणाले, "वा, झकास. हे चाटेला लावू." मग बसल्या जागी मांडीखालची गोणपाटाची घडी उचकून एक करड्या डागांचं, दिसायला अगदीच सामान्य कातडं बाहेर काढलं, आमच्या खोडाच्या तोंडावर धरून मापलं आणि पाण्यात भिजत टाकलं. मला काही विचारलं नाही. मलाही विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. लोखंडाचा कीस आणि खळ यांची शाई थरावर थर चढवायची, प्रत्येक थर दगडाने घोटायचा, वाळू द्यायचा, हे आम्ही बघत बसावं अशी त्यांची अपेक्षा नव्हती. "परीक्षेच्या आधी मिळेल," म्हणाले. आणि मिळाली.

नव्या कातड्याला वास असतो. आईने गवसणी उघडली, नाकाला पदर लावला आणि वाद्याची रवानगी गॅलरीत केली, चपलांच्या स्टँडवर. तिथेच लेकीने मोडा घेऊन बसून तो सुरात लावला. 'ना' हा बोल खणखणीत लागला. खालून काकांनी वर बघून हात केला, "शेळीचं! ऐकतोय ना मी!" आणि अण्णा जिन्यात थांबून मला म्हणाले, "बघा, बोकडाचं घेतलंत ते बरं केलंत."

परीक्षा झाली, निकाल यायचाय. आता डग्ग्याची पुडी ढिली पडलीय, तिला जाड कातडं लागतं म्हणतात. मावसभावाचा फोन मी उचलत नाही.