‘टू’नंतर नेहमी पहिलं रूप? अर्धंच खरं

इंग्रजी व्याकरणाच्या चाचणीसाठी एक सूत्र सगळीकडे फिरतं: ‘टू दिसला की पुढे क्रियापदाचं पहिलं रूप, आयएनजी दिसलं तर तिथेच चूक. एखाद्या क्रियापदानंतर टू आणि आयएनजी दोन्ही चालत असतील तर अर्थ एकच. मेक, लेट, सी यांच्यानंतर येणाऱ्या क्रियापदाला टू कधीच नाही.’ पाठ करायला सोपं आहे, पण चुका शोधायचे प्रश्न नेमके इथेच रचतात.

‘टू’ दोन जातींचा असतो. ‘वॉन्ट टू गो’मधला मूळ रूप मागतो. ‘लुक फॉरवर्ड टू’मधला मात्र शब्दयोगी अव्यय आहे. त्याला नाम लागतं, आणि क्रियापदाला नामाचं काम द्यायचं तर आयएनजी हवं. म्हणून ‘आय लुक फॉरवर्ड टू मीट यू’ चूक, ‘मीटिंग यू’ बरोबर. ‘ऑब्जेक्ट टू’, ‘अकस्टम्ड टू’, ‘विथ अ व्ह्यू टू’ हे याच घरातले. शंका आली तर क्रियापदाजागी ‘द ट्रिप’ घालून पाहा. ‘लुक फॉरवर्ड टू द ट्रिप’ जमतं, ‘डिसाइड टू द ट्रिप’ जमत नाही. ही कसोटीही कधी फसते: ‘अग्री टू द प्लॅन’ चालतं, तरी क्रियापद आलं की ‘अग्री टू गो’च.

सगळ्यात जास्त गुण खातो तो ‘यूज्ड टू’. ‘आय यूज्ड टू ड्राइव्ह’ म्हणजे पूर्वी चालवायचो. ‘आय ॲम यूज्ड टू ड्रायव्हिंग’ म्हणजे चालवायची सवय आहे. ‘अ नाइफ इज यूज्ड टू कट’ म्हणजे कापायला वापरतात. इथेही आधी ‘इज’ आहे, तरी पुढे मूळ रूप! म्हणजे नुसतं ‘ॲम-इज-आर’ पाहून भागत नाही, अर्थ पाहावा लागतो.

‘अर्थ एकच’ हे ‘बिगिन’, ‘स्टार्ट’पुरतं बहुधा ठीक. ‘रिमेंबर’ला ते लावलं की घोटाळा. ‘रिमेंबर्ड टू लॉक’ म्हणजे कुलूप लावायचं लक्षात राहिलं, ‘रिमेंबर्ड लॉकिंग’ म्हणजे लावल्याचं आठवलं. ‘लावायचं’ आणि ‘लावल्याचं’ यांत मराठी माणूस कधी गोंधळत नाही, मग इथे का गोंधळायचं? ‘स्टॉप्ड टू टॉक’ म्हणजे बोलायला थांबला, ‘स्टॉप्ड टॉकिंग’ म्हणजे बोलायचा थांबला.

‘मेक’ आणि ‘सी’चा नियम कर्तरी प्रयोगापुरता खरा. ‘शी मेड मी वेट’, पण कर्मणीत ‘आय वॉज मेड टू वेट’. तसंच ‘ही वॉज सीन टू क्रॉस द रोड’. ‘लेट’चं कर्मणी करायची वेळ आली तर सरळ ‘वॉज अलाउड टू’ घ्या.