भुवई, कोपर आणि उंदीरगाव

कॅनडात रेजायनाहून सस्कॅटूनला निघालं की साधारण निम्म्या वाटेवर डेव्हिडसन नावाचं छोटंसं गाव लागतं. तिथे हायवे ११ च्या कडेला घराएवढी उंच कॉफीची किटली उभी आहे. वाटसरूंनी थांबावं, दोन घोट घ्यावेत, मग पुढे जावं, एवढाच तिचा सांगावा. इथे, सस्कॅचेवान प्रांतात आल्यापासून मी तिचे कितीतरी फोटो काढलेत. सगळ्यांत आवडता आहे जानेवारीतला. उणे ३१ डिग्री होतं. अशा थंडीत कॅमेऱ्याची बॅटरी बघता बघता मान टाकते, म्हणून एक जास्तीची जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवावी लागते. ती बदलेपर्यंत किटलीमागून सूर्य वर आला आणि वाऱ्याने उडालेला बर्फाचा भुगा नेमका तोटीच्या तोंडाशी वाफेसारखा तरंगला.

हा प्रांत इतका सपाट की इथली माणसं सांगतात, "आमचा कुत्रा पळून गेला, तीन दिवस दिसत होता." हा विनोद मला आधी शेजारच्या आजोबांनी सांगितला, मग बँकेतल्या बाईंनी, आणि दोघांनीही तो आपल्याच घरात घडल्यासारखा सांगितला. याच सपाटीवर एल्बो आणि आयब्रो नावाची दोन गावं आहेत. कोपर आणि भुवई. एल्बोपाशी नदी कोपरासारखी वळते, म्हणून ते नाव. आयब्रोच्या पाटीचा फोटो काढत होते तेव्हा एक शेतकरी पिकअप थांबवून माझ्या गाडीशी आला. थंडीत कुणी रस्त्याकडेला उभं दिसलं की इथे लोक थांबून चौकशी करतातच. मी पाटीकडे बोट दाखवलं. तो काहीच बोलला नाही. फक्त दोन्ही भुवया टोपीपर्यंत वर नेल्या, तशाच ठेवल्या आणि मला फोटो काढू दिला.

तो फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला. दिवस होते २०२५ च्या मार्च महिन्याच्या शेवटचे. मुंबईत खारला एका विनोदी कार्यक्रमातल्या गाण्यावरून, तो झाला त्या स्टुडिओचीच तोडफोड झाली होती आणि आमच्या ग्रुपवर दोन तट पडले होते. माझ्या फोटोखाली मामांनी लिहिलं, "तुमच्याकडं बरंय. तिथल्या लोकांना अस्मिताच नाही, म्हणून हसता येतं. आपल्याकडं नावात इतिहास असतो." मामा श्रीरामपूरचे. २०२४ मध्ये आमच्या जिल्ह्याचं नाव अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यामुळे त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. पण ते मला पटत नाही.

अस्मिता इथेही आहे, आणि चांगली भक्कम आहे. रेजायनापासून तासाभरावर मूस जॉ नावाचं शहर आहे. मूस म्हणजे हरणाच्या कुळातला, घोड्याहूनही उंच प्राणी. १९८४ मध्ये या शहराने जगातला सगळ्यांत उंच मूसचा पुतळा उभारला, नाव ठेवलं मॅक. २०१५ मध्ये नॉर्वेतल्या स्टोर-एल्व्हडालने त्याहून ३० सेंटिमीटर उंच, चकचकीत पोलादी मूस उभा केला. मूस जॉला ते लागलं, अगदी मनापासून लागलं. २०१९ मध्ये दोन्ही गावांत जाहीर खडाजंगी झाली, महापौर बोलले, वर्तमानपत्रं बोलली. स्टोर-एल्व्हडालच्या उपमहापौर बाई स्वतः मूस जॉला आल्या, मिठ्या झाल्या. त्याच वर्षी मॅकला नवी मोठी शिंगं बसली आणि उंचीचा मान परत आला. मी त्याच्या खुराशी उभी राहून वर कॅमेरा धरते तेव्हा त्या शिंगांनी अर्धं आभाळ व्यापलेलं असतं. शेजारी फोटो काढणाऱ्या प्रत्येक कुटुंबात कुणीतरी पोरांना ही नॉर्वेची गोष्ट सांगत असतं. अस्मिता आणि हसू एकाच पुतळ्यात सुखाने नांदताना मी डोळ्यांनी पाहिलंय.

इथे विनोदावरून कुणी दुखावतच नाही, असंही नाही. कॅनडातल्याच क्वेबेक प्रांताचे विनोदकार माइक वॉर्ड यांनी एका अपंग बालगायकावर विनोद केले. प्रकरण मानवी हक्क न्यायाधिकरणात गेलं, २०१६ मध्ये भरपाईचा आदेश झाला. शेवटी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने वॉर्ड यांच्या बाजूने निकाल दिला. ते विनोद मला किळसवाणे वाटतात. माझं मन त्या चार न्यायाधीशांपाशी आहे, हे मी इथल्या मित्रमैत्रिणींशीही भांडून सांगते. पण इतकी वर्षं भांडण चाललं ते युक्तिवादांनी चाललं. माझ्या लेखी खार आणि क्वेबेक यांत फरक आहे तो एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

नावांचंही तसंच. शेजारच्या अल्बर्टा प्रांतात कॅनमोरजवळच्या एका शिखराला कित्येक वर्षं आदिवासी स्त्रियांची टवाळी करणारं नाव होतं. २०२० मध्ये ते काढलं आणि तिथल्या स्टोनी नाकोडा आदिवासींच्या भाषेतलं अनू काथा ईपा हे नाव दिलं. त्याच वर्षी डिसेंबरात महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. दोन्ही वेळा मला बरंच वाटलं. आयब्रोचा शेतकरी स्वतःच्या गावावर हसतो. त्या शिखरावर हसणारे मात्र दुसऱ्याच्या आयाबहिणींवर हसत होते. मामा, दुखावलेल्या भावनांचा हिशेब मांडायचा तर हसणारा कोण आणि हसला कुणावर, हे आधी विचारायला हवं. आवाज कुणाचा मोठा, ही मोजपट्टी खोटी आहे.

आणि हे मला कॅनडाने शिकवलेलं नाही. लहानपणी जत्रेत तमाशा असायचा. बतावणीत सोंगाड्या पुढच्या रांगेतल्या पाटलाची, सरपंचाची, फौजदाराची अशी काही खेचायचा की मागे बसलेले मजूर आडवे व्हायचे. सरपंच उठून जात नसत. पटक्याचा शेमला तोंडावर धरून तेही हसायचे, वर दौलतजादा करायचे. एवढ्या मोठ्या मनाचा वारसा आपल्या मातीत असताना, हसणं म्हणजे पाश्चात्त्यांचं खूळ असं घरचीच माणसं म्हणतात, तेव्हा मला परदेशात राहत असल्याचं खरं दुःख होतं. तिथे समोर बसून, चहा पिता पिता हे बोलायला हवं.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, जरा लांबच लिहिलं. मामांनी दोन दिवस काही उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी मामींचा फोटो आला. मामींचं माहेर उंदीरगाव, श्रीरामपूर तालुक्यातच. लग्न झालं तेव्हापासून मामांकडची मंडळी त्यांना त्या नावावरून चिडवतात आणि मामींचं उत्तर ठरलेलं असतं: "आमच्याकडची मांजरं बघायला या, एकेक रेडकाएवढं आहे." त्या माहेरी गेल्या होत्या. गावाच्या पाटीखाली मामा उभे, पांढरा सदरा, हात पाठीमागे, चेहरा गंभीर. आणि दोन्ही भुवया पार कपाळावर चढवलेल्या.