पावसापेक्षा वसंतातली ऊब

‘ज्या वर्षी पाऊस जास्त, त्या वर्षी उत्तरेकडील जंगलांतून पाणीही जास्त उडते’ हे उत्तर गोलार्धातील थंड प्रदेशांच्या जंगलांवरील लेखातले विधान सरसकट मान्य करता येत नाही. कॅनडा-सायबेरियाच्या पट्ट्यात गोठलेली जमीन वितळेपर्यंत मुळांना पाणी फारसे उचलता येत नाही. त्यामुळे वसंत लवकर उबदार झाला की अ‍ॅस्पेनसारख्या पानझडी झाडांना पालवी आधी फुटते आणि पाऊस बेताचा असला तरी त्या वर्षीचे बाष्पोत्सर्जन (पानांतून वाफेच्या रूपाने पाणी बाहेर पडणे) वाढू शकते. स्प्रूस या सदाहरित सूचिपर्णी झाडाचे वागणे वेगळे असते. हवा फार कोरडी झाली की ही झाडे पर्णरंध्रे (पानांवरील सूक्ष्म छिद्रे) आवळून घेतात. १९९४ आणि १९९६ साली कॅनडातील सस्कॅचवान व मॅनिटोबा प्रांतांत झालेल्या ‘बोरिआस’ या जंगल आणि हवा यांच्यातील देवाणघेवाणीच्या मोजणीत जमीन ओली असूनही स्प्रूसच्या जंगलांतून कमी बाष्प बाहेर पडत असल्याचे आढळले होते.

दिंडोरी तालुक्यातील आमच्या द्राक्षबागेत खरड छाटणीनंतरच्या मे महिन्यात मी हेच पाहतो: ड्रिपरखालची माती मुठीत दाबली तर तिचा गोळा होतो, तरीही दुपारी दोनच्या सुमारास पानांच्या कडा आत वळलेल्या असतात. लेखकाने पावसाच्या आकड्यांशेजारी प्रत्येक वर्षी बर्फ केव्हा वितळले, हेही द्यायला हवे होते.