ब्लॅकबेरी 10 वर्षभर आधी आलं असतं, तरी काय झालं असतं?

"ब्लॅकबेरी 10 उत्तम होतं, फक्त उशिरा आलं. 2012च्या सुरुवातीलाच आलं असतं तर कंपनी वाचली असती. 8 कोटी ग्राहक होते, तिजोरीत पैसा होता. नव्हती ती फक्त ॲप्स." हा मजकूर इतक्या वेळा फिरून आलाय, की आता लोक तो इतिहास म्हणूनच सांगतात. मला तो पटत नाही. ब्लॅकबेरी 10 म्हणजे ब्लॅकबेरी फोनची पार नवी ऑपरेटिंग सिस्टीम, ती आली जानेवारी 2013मध्ये. सिस्टीम उत्तम होती, एवढं मात्र खरं. तिच्या पहिल्या टच फोनवर, झेड 10वर, टाइप करताना पुढचा शब्द कीबोर्डच्या अक्षरांवर तरंगत यायचा आणि अंगठ्याने वर झटका दिला की थेट ओळीत जाऊन बसायचा. इतका हाताला बसणारा टच कीबोर्ड मी नंतर पाहिला नाही.

आता उशिराचं बघू. ब्लॅकबेरी बनवणाऱ्या रिसर्च इन मोशनने, म्हणजे रिमने, 2010मध्ये क्यूएनएक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम बनवणारी कंपनी विकत घेतली आणि तिच्या पायावर सगळं नव्याने उभं करायला घेतलं. जुन्या सिस्टीमची जावा ॲप्स त्यावर चालणारच नव्हती. घाई केली असती तर काय झालं असतं, हे कल्पनेने सांगायची गरज नाही, कारण तो प्रयोग कंपनीने करून पाहिला होता. त्याच पायावरचा प्लेबुक टॅबलेट एप्रिल 2011मध्ये बाजारात आला, तो स्वतःच्या ईमेल ॲपशिवाय! मेल बघायची तर शेजारी ब्लॅकबेरी फोन हवा, तो ब्लूटूथने जोडायचा. ज्या कंपनीचं नावच मेलवर मोठं झालं, तिच्या टॅबलेटला ईमेल मिळायला फेब्रुवारी 2012 उजाडला. तोवर पडून राहिलेल्या मालापोटी 48.5 कोटी डॉलरचा फटका हिशेबात दाखवावा लागला होता. जून 2012मध्ये कंपनीचे प्रमुख थॉर्स्टन हाइन्स यांनी ब्लॅकबेरी 10 पुढच्या वर्षावर ढकललं तेव्हा कारण दिलं, की सगळा कोड एकत्र बसवायला अंदाजापेक्षा जास्त वेळ लागतोय. वर्षभर आधीचं ब्लॅकबेरी 10 म्हणजे असंच अर्धकच्चं काहीतरी हातात पडलं असतं.

मग "8 कोटी ग्राहक". आकडा खरा आहे, सप्टेंबर 2012चा. पण या 8 कोटींतल्या एकाच्याही हातातला फोन ब्लॅकबेरी 10वर अपडेट होणार नव्हता. प्रत्येकाला नवा, महागडा फोन घ्यावा लागणार होता. त्यातले कितीतरी जण इंडोनेशिया, नायजेरियासारख्या देशांत स्वस्तातला कर्व्ह हा जुना ब्लॅकबेरी फोन घेऊन बीबीएम या ब्लॅकबेरीच्या मेसेज सेवेसाठी टिकून होते. 2013 उजाडायच्या आतच हा आकडा 7.9 कोटींवर घसरला. आणि नवी सिस्टीम आल्यानंतरच्या पहिल्या पूर्ण तिमाहीत कंपनीने 68 लाख फोन पाठवले, त्यात ब्लॅकबेरी 10चे फक्त 27 लाख. बाकीचे जुन्याच सिस्टीमचे.

"तिजोरीत पैसा होता" हेही खरं. 2012च्या अखेरीस जवळपास 2.9 अब्ज डॉलर होते आणि डोक्यावर कर्ज नव्हतं. पण तो पैसा येत कुठून होता, हे या मजकुरात कुणीच विचारत नाही, आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. जुन्या ब्लॅकबेरीचा मेल आणि मेसेज रिमच्या स्वतःच्या सर्व्हरमधून जायचा. त्याबद्दल मोबाइल कंपन्या रिमला दर ग्राहकामागे दर महिन्याला शुल्क मोजायच्या. फोन एकदा विकला, की मग महिन्यामागून महिने कमाई. डिसेंबर 2012मध्ये जाहीर झालेल्या तिमाहीत 2.7 अब्ज डॉलरच्या महसुलातला 36 टक्के वाटा या सेवाशुल्काचा होता.

ब्लॅकबेरी 10ला त्या सर्व्हरची गरजच नव्हती. इतर कुठल्याही फोनसारखं ते साध्या डेटावर चालायचं. म्हणजे जुना ग्राहक नव्या फोनवर आला की त्याचं शुल्क एक तर बंद, नाही तर कमी. ग्राहक गेला तरी तोटा आणि राहिला तरी दुभती गाय दावणीतून सुटलेली. डिसेंबर 2012मधले ते तिमाही निकाल लागले तेव्हा शेअर आधी वर गेला. मग त्याच संध्याकाळच्या कॉलवर हाइन्स यांनी शुल्करचना बदलणार असल्याचं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी भाव एक पंचमांशाहून जास्त कोसळला. लाँचला तेव्हा महिना-दीड महिना बाकी होता. हेच लाँच वर्षभर आधी झालं असतं तर हे उत्पन्नही वर्षभर आधी आटायला लागलं असतं, दुसरं काय?

ॲप्सबद्दल फार वाद घालत नाही. लाँचच्या दिवशी, 30 जानेवारी 2013ला, 70 हजार ॲप्स होती, इन्स्टाग्राम नव्हतं, ते पुढेही आलं नाही. पण वर्षभर आधी तरी ॲप बनवणारे का आले असते? ॲपलच्या दुकानात तेव्हाच 5 लाखांहून जास्त ॲप्स होती.

सप्टेंबर 2013मध्ये न विकल्या गेलेल्या झेड 10पोटी 90 कोटी डॉलरहून मोठा फटका दाखवावा लागला आणि 4,500 जणांची नोकरी गेली. नोव्हेंबरमध्ये हाइन्सही गेले. क्यूएनएक्स मात्र आजही कोट्यवधी गाड्यांमध्ये चालतंय, आणि तिथे कंपनीला प्रत्येक गाडीमागे पैसे मिळतात.