पळणाऱ्याकडे बघू नका

२०२० साली आमची टीम सलग ११ मॅच जिंकली आणि त्यातल्या जवळपास प्रत्येक मॅचनंतर आमच्या घरात सुतक असायचं. टीम म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधली पिट्सबर्ग स्टीलर्स. त्यांच्या इतिहासात एवढी झकास सुरुवात कधी झाली नव्हती, आणि तरी सोमवारी सकाळी झूमवर ऑफिसातला माणूस गुड मॉर्निंगच्या आधी काय म्हणणार, तर ते जिंकलो वगैरे ठीक आहे, पण रनिंग गेमचं काय?

ज्यांनी हा खेळ कधी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार वेळा चान्स मिळतो, त्यात दहा यार्ड पुढे गेलात तर परत चार, नाहीतर बसा घरी. पुढे जायचे मार्ग दोनच, एक तर क्वार्टरबॅकने बॉल फेकायचा, नाहीतर रनिंग बॅकच्या पोटात बॉल कोंबायचा आणि त्याने समोरच्या गर्दीत घुसायचं. आमची बोंब दुसऱ्या मार्गाची. सीझन संपल्यावर हिशोब लागला तो असा, मॅचमागे ८४.४ यार्ड, ३२ टीमांमध्ये ३२ वा नंबर, आणि एका धावेमागे सरासरी ३.६ यार्ड. माझा मुलगा, वय वर्षं अकरा, म्हणाला मग काय झालं बाबा, ३.६ गुणिले ३ म्हणजे १०.८, तीनदा पळाले की झाले की दहा यार्ड. शाळेच्या गणितात झाले. मैदानावर काय होतं, की पहिल्यांदा १५ यार्ड मिळतात, आपण सोफ्यावरून उठून नाचतो, आणि मग पुढच्या तीन वेळा शून्य, एक आणि उणे दोन. सरासरी साडेतीन, आणि चौथ्या चान्सला बॉल लाथ मारून समोरच्यांना देऊन टाकायचा.

दुसऱ्या कुठल्या शहरात हे खपून गेलं असतं. इथे एअरपोर्टवर उतरलात की जॉर्ज वॉशिंग्टनच्या पुतळ्याशेजारी फ्रँको हॅरिसचा पुतळा आहे, वाकून जमिनीलगत बॉल पकडतोय असा, १९७२ च्या त्या प्रसिद्ध कॅचचा, आणि हा हॅरिस मुळात रनिंग बॅक. म्हणजे देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष आणि आमचा बॉल घेऊन पळणारा माणूस, दोघांना मान सारखा. नंतर जेरोम बेटिस आला, त्याला सगळे बस म्हणायचे कारण तो खरंच समोरच्यांना अंगावर लटकवून घेऊन जायचा. शेजारच्या आजोबांनी हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं, आयुष्य स्टील मिलमध्ये गेलेलं, ते मास्क लावून कुंपणापलीकडे पानं गोळा करायचे आणि मी कचरा टाकायला जरी बाहेर पडलो तरी पानांचा ढीग सोडून यायचे. बोलणं एकच. रन द डॅम बॉल! जसा काही मीच सांगून ठेवलाय की पळू नका.

आमच्या मराठी ग्रुपवर तर उपायांचा पूर. एकाचं म्हणणं शॉटगन बंद करा, म्हणजे क्वार्टरबॅकने पाच यार्ड मागे उभं राहून बॉल घ्यायची पद्धत, दुसरा म्हणतोय फुलबॅक उतरवा, म्हणजे रनिंग बॅकच्या पुढे घुसून वाट काढणारा गडी, तिसरा, जो भारताच्या मॅचचा स्कोअरसुद्धा दुसऱ्या दिवशी विचारतो, तो म्हणे कोचच बदला, आणि एका काकूंनी अथर्वशीर्षाची क्लिप टाकली, बहुतेक चुकून, पण सगळ्यात जास्त अंगठे तिलाच आले. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. जेम्स कॉनर नको. हा आमचा रनिंग बॅक, इथून दोन तासांवरच्या ईरी गावचा, शिकला पिट्सबर्ग युनिव्हर्सिटीत, कॉलेजात असताना कॅन्सर झाला, केमो घेतली आणि परत मैदानात उतरला. सगळ्या गावाचा लाडका पोरगा, घरोघरी त्याची जर्सी, आणि ती जर्सी अंगात घालूनच लोक ओरडायचे, हाकला ह्याला.

आता बाबांचं सांगतो. आई-बाबा फेब्रुवारी २०२० मध्ये तीन महिन्यांसाठी आले आणि मार्चमध्ये विमानं बंद झाली. पुढे वंदे भारतची विमानं सुरू झाली, आईने बॅग भरली, पण तोवर सप्टेंबर उजाडला होता, सीझन चालू झाला होता आणि बाबा म्हणाले एवढं संपू दे. आई त्यावर जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. मॅचला फडकवायचा माझा पिवळा टेरिबल टॉवेल, जो इथले लोक देव्हाऱ्यात ठेवल्यासारखा जपतात, तो तिने दुसऱ्या दिवशी पोळ्यांच्या डब्यात घातला आणि विचारलं तर म्हणाली हळदीच्या रंगाचा आहे, डाग दिसत नाही.

तर बाबा सांगलीचे, तरुणपणी तालमीत घुमलेले, कान अजून मोडलेले आहेत. पहिल्या रविवारी मी त्यांना समजावत होतो, हा क्वार्टरबॅक, हा रनिंग बॅक, बॉल आता इकडे, आणि माझ्या लक्षात आलं की हे बॉलकडे बघतच नाहीयेत.

"ह्ये मधले पाच जाडे गडी कोण?"

म्हटलं ती ऑफेन्सिव्ह लाइन.

"काम काय त्यांचं?"

म्हटलं पळणाऱ्याला वाट करून द्यायची.

"मग देत का न्हाईत?"

हा प्रश्न त्या वर्षी टीव्हीवरच्या कोट-टायवाल्या एकाही एक्स्पर्टने एवढा नीट विचारला नव्हता.

मग दर रविवारी दुपारी एक वाजता आमच्या हॉलमध्ये बाबांचा क्लास. रिमोट त्यांच्याकडे, आणि प्रत्येक खेळी मागे घेऊन परत बघायची, तीही हळू. "पळणाऱ्याकडं बघू नकोस, त्यो काय करंल बिचारा. पायाकडं बघ. ह्यो सेंटर बघ, उभा र्‍हायलाय. कंबर वर, छाती वर. समोरचा खाली घुसलाय त्याच्या. जो खाली गेला त्यो जिंकला, आमच्या वस्तादांनी काठीनं पोटऱ्या फोडल्यात रं एवढं शिकवायला. पट काढायचा तर वाकाय नको? ही नुसती खडाखडी चाललीया." सेंटर म्हणजे पाचांतला मधला, बॉल मागे देणारा, आमचा मॉर्किस पाउन्सी, वर्षानुवर्षं ऑलस्टार गणला गेलेला, आता ३१ वर्षांचा. डावीकडे विलानुएव्हा, तो पूर्वी आर्मीत, अफगाणिस्तानात जाऊन आलेला. हे सांगितल्यावर बाबा जरा नरमले, मिल्ट्रीचा माणूस म्हणून. मग उंची विचारली. सहा फूट नऊ इंच म्हटल्यावर हताश झाले. "ह्यो खाली जानार कवा आन् पोचनार कवा."

गंमत अशी की बाबांचं म्हणणं शंभर टक्के टेक्निकल होतं. बॉल फेकायचा असतो तेव्हा लाइनवाले मागे सरकत राखण करतात, लग्नाच्या हॉलमध्ये नवरदेवाचे जोडे सांभाळत बसलेल्या मंडळींसारखे, कुणी आलं की हटकायचं, आपण जागा सोडायची नाही. पळायचं असतं तेव्हा उलटं, पुढे जाऊन समोरच्याला उचलून बाजूला ठेवायचं, आधी दोघांनी मिळून एकाला दाबायचा आणि मग त्यातल्या एकाने सुटून मागच्या लाइनबॅकरला, म्हणजे समोरच्यांच्या दुसऱ्या फळीतल्या माणसाला, गाठायचं, सगळं दीड-दोन सेकंदात. आमच्या पाच जणांनी वर्षभर जोडेच सांभाळले होते. कारण बेन रॉथलिसबर्गर, आमचा क्वार्टरबॅक, ३८ वर्षांचा, आदल्या वर्षी कोपराचं ऑपरेशन झालेलं. तो मागे उभा राहायचा, बॉल हातात आला की लगेच सोडायचा, तोही जवळच. लांब काही जात नाही हे एकदा कळल्यावर समोरची टीम कशाला लांब उभी राहील? सगळे पुढे येऊन बसले. जवळचा पासही अडवायचा आणि पळणाराही, एकाच तिकिटात. वर उजवीकडचा झॅक बॅनर पहिल्याच मॅचमध्ये गुडघा फोडून घेऊन गेला. आता ह्यात कॉनरने काय करायचं होतं? बॉल हातात पडेपर्यंत दोन माणसं ऑलरेडी मागच्या अंगणात.

मी हे ग्रुपवर मुद्देसूद लिहिलं, तीन पॅरेग्राफ. उत्तर आलं, कॉनर स्लो आहे.

ती बुधवारची मॅच मात्र सांगायलाच हवी. बॉल्टिमोरशी होती, खरं तर थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी रात्री. त्यांच्या टीममध्ये कोविड घुसला, मग रविवार ठरला, मग मंगळवार, आणि शेवटी बुधवार २ डिसेंबर, दुपारी ३:४०. ही असली वेळ कशासाठी, तर संध्याकाळी त्याच चॅनेलला न्यूयॉर्कच्या ख्रिसमस ट्रीचे दिवे लावण्याचा कार्यक्रम दाखवायचा होता. आणि चार वाजता माझा स्टेटस कॉल. मी आत दार लावून बसलेलो, बाहेर हॉलमध्ये बाबा. मी माझ्या डिपेंडन्सी सांगायला अनम्यूट झालो आणि नेमका त्याच क्षणी दारातून आवाज आला, "आरं खाली जा की मुडद्या!" कॉलवर चिडीचूप. मॅनेजरने काळजीने विचारलं, इज एव्हरीवन ओके? मी म्हटलं वडील आहेत, ऑफेन्सिव्ह लाइनशी बोलतायत. त्यानंतर पुढची वीस मिनिटं माझ्या डिपेंडन्सीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. आठ जणांच्या कॉलमध्ये सहा जण म्यूटवर मॅच बघत होते असं निष्पन्न झालं, आणि मॅनेजरचंही मत होतं की सेंटर फार उंच खेळतोय.

ती मॅच १९-१४ जिंकलो. पाच दिवसांनी वॉशिंग्टनशी हरलो, सीझनची पहिली हार, १४ वेळा पळून मिळून २१ यार्ड. २१! माझ्या ड्राइव्हवेपासून आजोबांच्या पानांच्या ढिगापर्यंत जास्त अंतर असेल. कॉनर त्या दिवशी खेळतच नव्हता, कोविडमुळे बाहेर होता, पण ग्रुपवर रात्री साडेआठला पहिला मेसेज, ह्या कॉनरला घालवा.

शेवटच्या पाचपैकी चार हरलो. मग जानेवारीत प्लेऑफला क्लीव्हलँड घरी आलं आणि पहिल्याच खेळीत पाउन्सीने मागे दिलेला बॉल क्वार्टरबॅकच्या डोक्यावरून गेला, घरंगळत आमच्याच एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, त्यांनी त्यावर पडून टचडाउन घेतला, म्हणजे सहा पॉइंट. पहिल्या क्वार्टरअखेर २८-०. बेनने नंतर ५०१ यार्ड फेकले, प्लेऑफच्या मॅचमध्ये ४७ पास पूर्ण करायचा विक्रम केला, काय उपयोग, ४८-३७ हरलो. बाबा शांतपणे उठले आणि आईला म्हणाले चल, तिकीट काढ.

त्यानंतर मालक आर्ट रूनी यांनीच जाहीर सांगितलं की हे पळण्याचं काहीतरी करायला पाहिजे, आणि मग करणं सुरू झालं. कोऑर्डिनेटर, म्हणजे कुठली खेळी करायची ते ठरवणारा कोच, बदलला, मॅट कॅनडा आला. पाउन्सी रिटायर झाला. विलानुएव्हा गेला तो थेट बॉल्टिमोरला, बाकीच्यांतलेही काही पांगले, कॉनर अ‍ॅरिझोनाला. आणि २०२१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीमांनी कॉलेजातली पोरं पाळीपाळीने निवडायची असतात तिथे, पहिल्या राउंडला, २४ व्या नंबरला, आम्ही कोणाला घेतलं? रनिंग बॅकला! नाजी हॅरिस. आडनावसुद्धा हॅरिस, आजोबा कुंपणापाशी रडायचे बाकी होते. मी सांगलीला फोन लावून बातमी दिली, तर बाबा म्हणाले, "आन् वाट कोन करनार?" म्हटलं लाइनही बरीचशी नवी आहे, दोन तर कॉलेजातून आत्ता आलेली पोरं आहेत. ते फक्त "बरं" म्हणाले. बाबांचं हे "बरं" ज्यांनी ऐकलंय त्यांना कळेल.

नाजी बिचारा ३०७ वेळा घुसला, १,२०० यार्ड काढले, आणि एवढं करून टीमचा नंबर आला २९ वा. ३२ वरून २९. ग्रुपवर एकाने प्रगती आहे म्हणून लिहिलं आणि पुढे स्मायली नव्हता. तिकडे अ‍ॅरिझोनात त्याच वर्षी आमच्या स्लो कॉनरने पळून १५ टचडाउन केले.

मग दोन वर्षं राग नव्या माणसावर. अख्खं स्टेडियम फायर कॅनडा, फायर कॅनडा ओरडायचं, नुकतीच पुण्याहून आलेली आमची एक वहिनी घाबरून विचारत होती की व्हिसाचा काही प्रॉब्लेम आहे का. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याला खरंच काढला. त्याच्या आधीपासून धरून टीमने सलग ५८ मॅचमध्ये एकदाही ४०० यार्ड केले नव्हते, तो गेला आणि त्याच आठवड्यात सिनसिनाटीत ४२१! नाजीचे एकट्याचे ९९, टीम जिंकली, आणि त्या रात्री ग्रुपवर प्रत्येकाने आपापला २०२० चा मेसेज शोधून परत टाकला की बघा, मी तेव्हाच म्हटलं होतं. काकूंनीसुद्धा क्लिप परत टाकली. आजोबांनी मला कुंपणावरून मिठी मारली. झालं, रनिंग गेम दुरुस्त.

पुढच्या रविवारी, ३ डिसेंबरला, अ‍ॅरिझोना आमच्याकडे आली. तोवर सीझनभरात फक्त दोन मॅच जिंकलेली टीम. विजा चमकतायत म्हणून मॅच दोनदा थांबवावी लागली, आम्ही भिजलेल्या जर्स्या घालून स्टेडियमच्या जिन्याखाली उभे, बहुतेकांच्या पाठीवर अजून जुनंच नाव, कॉनर. नवी कोण घेतंय, दीडशे डॉलरला पडते. मॅच परत सुरू झाली आणि कॉनरने आमच्यातून १०५ यार्ड आणि दोन टचडाउन काढले. २४-१० हरलो. सकाळी सांगलीहून फोन. मोबाइलवर हायलाइट बघितले होते.

"ह्यो त्योच न्हवं का रं, तुम्ही हाकललेला?"

म्हटलं हो.

"समोरचे पाच गडी बघितलेस? वाकलेत बघ कसे."