बास फुल्ल केल्याने बास वाढत नाही

गाडीतल्या म्युझिक सिस्टीमसाठी एक ‘परफेक्ट सेटिंग’ या फोनवरून त्या फोनवर फिरत असते. बास (खालचे सूर) आणि ट्रेबल (वरचे सूर) पूर्ण वर, मिड (मधले सूर) खाली, लाउडनेसचं बटण कायम चालू, ॲम्पचा (स्पीकरला ताकद देणाऱ्या ॲम्प्लिफायरचा) गेन शेवटपर्यंत, सबवूफरचा (फक्त बास वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा) फिल्टर जितका वर तितकं उत्तम. शिवाय एक दिलासा दिलेला असतो: ॲम्प स्पीकरपेक्षा कमी वॉटचा असला की स्पीकर कधीच उडत नाही. चांगले स्पीकर याच सल्ल्यापायी जळतात याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी बासचा नॉब. 3 डेसिबल वाढवायचे तर ॲम्पला दुप्पट ताकद लागते आणि 10 डेसिबलसाठी दहापट. स्टिरिओच्या खोक्यावर ‘50 वॉट × 4’ लिहिलेलं असतं, पण तो क्षणिक शिखराचा आकडा. इंजिन चालू असताना गाडीत साधारण 14.4 व्होल्ट मिळतात. तेवढ्यावर स्टिरिओतला साधा ॲम्प 4 ओमच्या स्पीकरला, आवाज न फाटता, 26 वॉटच्या वर देऊच शकत नाही. आता गाणं 5 वॉटवर वाजत असताना तुम्ही बास 10 डेसिबलने चढवला, तर ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला 50 वॉट हवेत. ते येणार कुठून? ठोका तिथेच फाटतो, आणि त्याच स्पीकरमधून येणारा गायकाचा आवाजही सोबत फाटतो.

दुसरी अडचण स्पीकरच्या कोनची, म्हणजे पुढे-मागे हलून आवाज काढणाऱ्या पडद्याची. 80 हर्ट्झचा सूर जितक्या जोरात वाजतो तितक्याच जोरात 40 हर्ट्झचा वाजवायचा तर कोनला चौपट पुढे-मागे हलावं लागतं. दारातल्या साडेसहा इंची स्पीकरला ते झेपत नाही. म्हणून माझा सल्ला बरोबर उलटा आहे: बास हवा असेल तर आधी तो दाराच्या स्पीकरकडून काढून घ्या. सबवूफर असेल तर पुढच्या स्पीकरना 80 हर्ट्झच्या आसपास हाय-पास फिल्टर (त्याखालचे सूर अडवणारा) लावा, नसेल तर 50-60 वर. खालचं ओझं उतरलं की तोच स्पीकर जास्त मोठ्याने आणि स्वच्छ वाजतो, आणि उरलेला बास ठोशासारखा नेमका लागतो.

एक गोष्ट मान्य. चालत्या गाडीत टायर आणि इंजिनची घरघर खालचे सूर झाकून टाकते, त्यामुळे दोन-तीन डेसिबल बास चढवणं रास्त आहे. मिड मात्र पाडू नका. गाण्याचे शब्द तिथेच असतात. ते ऐकू येईनात की माणूस व्हॉल्यूम वाढवतो, आणि आधीच चढवलेला बास आणखी चढतो.

लाउडनेसचं थोडक्यात सांगतो. हळू आवाजात कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच दाखवून दिलं. ते बटण त्या हळू आवाजासाठी आहे. मोठ्याने ऐकताना ते बंद हवं.

सगळ्यात जास्त नुकसान गेनच्या सल्ल्याने होतं. गेन हा व्हॉल्यूमचा नॉब नाही. स्टिरिओतून येणारा सिग्नल आणि ॲम्प यांचा मेळ घालण्यासाठी तो दिलेला असतो. बास, ट्रेबल शून्यावर आणा, बास बूस्ट बंद करा, स्टिरिओचा व्हॉल्यूम पाऊणभर ठेवा आणि गेन तळापासून हळूहळू वाढवा. आवाज खरखरीत वाटायला लागला की थोडा मागे घ्या आणि परत हात लावू नका. गेन पूर्ण उघडल्याने ॲम्पची ताकद वाढत नाही, तो फक्त लवकर क्लिप होतो, म्हणजे त्याची ताकद संपते आणि आवाज फाटतो.

‘कमी वॉट म्हणजे सुरक्षित’ हा दिलासाही इथेच खोटा ठरतो. क्लिप झालेल्या लहरीचे शेंडे कापले जाऊन ती चौकोनी होत जाते, आणि पूर्ण चौकोनी लहरीत तेवढ्याच उंचीच्या स्वच्छ लहरीच्या दुप्पट ताकद असते. म्हणजे 50 वॉटचा ॲम्प पिळून काढला तर स्पीकरवर 100 वॉटच्या जवळपास ओतू शकतो. शिवाय वरच्या पट्टीतले नको ते सूर तयार होतात ते वेगळेच. ते ट्वीटरकडे, म्हणजे वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरकडे जातात आणि त्याची बारीक कॉइल जळते.

सबवूफरचा लो-पास (त्यावरचे सूर अडवणारा फिल्टर) ही 80च्या आसपासच ठेवा. 150वर नेलात तर गायकाचा आवाज डिकीतून आल्यासारखा घुमतो. मग फेज (सबवूफरचा कोन आधी पुढे जाणार की मागे हे ठरवणारं बटण) 0 आणि 180 दोन्हीवर ऐका. पुढच्या सीटवर ज्यात बास भरीव लागतो तेच ठेवा.

एवढं करूनही बास पातळ वाटला तर वायरिंग तपासा. त्या मेसेजमध्ये याबद्दल अवाक्षर नसतं. दारातल्या एकाच स्पीकरच्या वायरी उलट जोडल्या गेल्या असतील, तर एक कोन पुढे येताना दुसरा मागे जातो आणि दोघांचा बास एकमेकांना खाऊन टाकतो. दोन मिनिटांत कळतं: सबवूफर बंद करा, फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरमध्ये आवाज वाटणारी सेटिंग) पुढे घ्या, बास असलेलं गाणं लावा आणि बॅलन्स पूर्ण एका बाजूला न्या. एकच बाजू वाजत असताना बास वाढला, तर पॅनल उघडून एका स्पीकरच्या प्लस-मायनसच्या वायरी अदलाबदल करा.